ओसरीतली जाळी ते बाल्कनीतली तार: इंदूरच्या फ्लॅटमध्ये आरटीएल-एसडीआर डोंगल

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत, रामबाग-नारायण बागेकडे, ओसरीच्या दोन टोकांना ताणलेली तांब्याची जाळी अजून क्वचित दिसते. हिरवी पडलेली, एका कडेने वायर लोंबणारी. रेडिओ केव्हाच भंगारात गेला, जाळी कुणी काढली नाही म्हणून राहिली. त्या जाळीच्या जोरावर रात्री मुंबईची ५५८, नागपूरची ५८५ आणि पुण्याची ७९२ किलोहर्ट्झ शोधणारी मंडळी आता साठीच्या पुढे आहेत आणि राहायला आहेत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. काटा फिरवायची खाज तीच. पण गच्ची सोसायटीची, रात्रीची वेळ नातवंडांची आणि घरात पंचवीस एलईडी दिवे. लॅपटॉपला खोचून त्यावरच रेडिओ ऐकायची एक छोटी डबी मिळते: आरटीएल-एसडीआर ब्लॉग या नावाने विकलं जाणारं चौथ्या आवृत्तीचं डोंगल, लोक ज्याला व्ही-फोर म्हणतात ते. ते अशा घरात कितपत चालतं ते इथे पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. छंद असेल तर घ्या. आकाशवाणीचे मराठी कार्यक्रम ऐकायचे एवढंच काम असेल तर घेऊ नका. न्यूजऑनएअर हे अ‍ॅप फुकट आहे आणि त्यात खरखर नाही. आणि घ्यायचं ठरलं तर सगळे पैसे डोंगलवर संपवू नका. थोडे तारेसाठी, थोडे खरखर अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यांसाठी राखा. नाहीतर पहिल्याच रात्री फक्त स्वतःच्या घरातले चार्जर ऐकू येतील.

वस्तू पेनड्राइव्हपेक्षा थोडी जाड. धातूचं आवरण, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला एरियलसाठी आट्यांचं एसएमए सॉकेट. आतली रिअलटेकची आरटीएल२८३२यू चिप मुळात डिजिटल टीव्ही पाहायच्या स्वस्त डोंगलसाठी बनलेली. २०१२च्या सुमारास काही खटपट्या लोकांच्या लक्षात आलं की तिच्यातून टीव्हीऐवजी लहरींचे कच्चे नमुनेच बाहेर काढता येतात. तेव्हापासून रेडिओ संगणकात तयार होऊ लागला: बँड, काटा, फिल्टर, सगळं सॉफ्टवेअर. पट्टा ५०० किलोहर्ट्झपासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह, एफएम, विमानं, हवामानाचे उपग्रह, सगळं एकाच डबीत. एका वेळी मात्र सुमारे २.४ मेगाहर्ट्झचाच तुकडा दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये ३.२ पर्यंत आकडा असतो, पण २.४च्या वर नमुने गळायला लागतात आणि आवाज तुटतो.

तिसरी आवृत्ती घ्यावी की चौथी, हा प्रश्न हमखास येतो. मीडियम आणि शॉर्ट वेव्ह हाच मुख्य शौक असेल तर चौथी. तिसऱ्या आवृत्तीत २४ मेगाहर्ट्झच्या खालचं सगळं ट्यूनरला, म्हणजे हवा तो पट्टा निवडणाऱ्या भागाला, वळसा घालून थेट चिपमध्ये जातं. चिपचं घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं असल्यामुळे १४.४ मेगाहर्ट्झवर आरसा उभा राहतो. १५.०३० वरचं स्टेशन १३.७७० वरही दिसतं, आणि नवखा माणूस दोन स्टेशनं सापडली म्हणून खूश होतो. शिवाय त्या वाटेत गेन, म्हणजे आलेली लहर किती वाढवायची ते, कमी-जास्त करायची सोयच नाही. इंदुरात ६४८ किलोहर्ट्झ म्हणजे आकाशवाणी, हे जुन्यांना पाठ आहे. शहराजवळचं असं दणकट स्टेशन चालू असताना गेनला लगाम नसेल तर पट्टाभर त्याचीच भुतं नाचतात. चौथ्या आवृत्तीत खालच्या लहरी आधी २८.८ मेगाहर्ट्झने वर उचलून मग ट्यूनरमध्ये सोडल्या जातात. त्यामुळे आरसा जातो आणि गेनचा लगाम हातात राहतो. विमानं आणि उपग्रह एवढंच करायचं असेल तर तिसरीत काही कमी नाही.

आता या डोंगलचा खरा गुण. पूर्वी मीडियम वेव्हचा शौक रात्रीशी बांधलेला होता, आणि तो निसर्गाचाच नियम: दिवसा वातावरणाचा खालचा आयनीभूत थर या लहरी गिळतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरावरून परतलेली मुंबई सुमारे ५०० किलोमीटर ओलांडून इंदुरात पोचते. बॅचलर माणसाला रात्र मोकळी असे. संसारात रात्री साडेआठ ते दहा ही वेळ जेवण, गृहपाठ, मालिका आणि उद्याचे डबे यांची असते. तेव्हा कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात बसलेला माणूस घरात कुणालाच आवडत नाही. या एका कारणाने कितीतरी चांगले रेडिओ माळ्यावर गेले.

इथे सगळा बँडच साठवता येतो. भारतात मीडियम वेव्हची स्टेशनं ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झमध्ये, दर ९ किलोहर्ट्झवर एक. मध्यबिंदू १०६६.५ किलोहर्ट्झ ठेवा, नमुन्यांचा वेग सेकंदाला १.४ दशलक्ष, आणि ‘बेसबँड’, म्हणजे सगळ्या तुकड्याच्या कच्च्या नमुन्यांचं, रेकॉर्डिंग सुरू करा. ८ बिटच्या नमुन्यांत सेकंदाला २.८ एमबी, तासाला साधारण १० जीबी. १६ बिट निवडलं तर दुप्पट जागा जाते आणि कानाला फरक शून्य, कारण चिप मुळातच ८ बिटची. मग रविवारी सकाळी पोहे झाल्यावर ती फाइल उघडायची. गुरुवारी रात्री नऊ वाजताची ५५८ ऐका, कंटाळा आला की तोच क्षण ५८५ वर ऐका, मागे न्या, पुन्हा ऐका. गेलेली रात्र परत लावायची सोय जुन्या कुठल्याच रेडिओत नव्हती.

यात एक गोम आहे. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर केलं आणि तो फॅट-३२ साच्यात असला तर फाइल ४ जीबीला थांबते. वरच्या वेगाने हिशोब केला तर पंचविसाव्या मिनिटाला. सकाळी पाहावं तर सगळी रात्र पंचवीस मिनिटांची! एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. साधी वेव्ह फाइलसुद्धा ४ जीबीपुढे जात नाही, तेव्हा तुमचं सॉफ्टवेअर तुकडे पाडतं का, हे आधी अर्ध्या तासाची चाचणी घेऊन पाहा. लॅपटॉपचं ‘स्लीप’ही बंद ठेवा. झाकण मिटलं की रेकॉर्डिंगही मिटतं.

ड्रायव्हर बसवणं हीच बहुतेकांची पहिली ठेच. विंडोजवर डोंगल लावलं की विंडोज त्याला टीव्ही समजून स्वतःचा ड्रायव्हर देतं. झाडिग नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडा, सगळी उपकरणं दाखवायला सांगा, यादीतून ‘बल्क-इन इंटरफेस झिरो’ निवडा, विनयूएसबी ड्रायव्हर बसवा. यादीत माउस आणि कीबोर्डही असतात. घाईत त्यांच्यापैकी एकावर बोट पडलं तर तो माउस किंवा कीबोर्ड पुन्हा ड्रायव्हर बसवेपर्यंत मेला म्हणून समजा. लिनक्सवर उलट आहे: टीव्हीचा ड्रायव्हर आपोआप चढतो, त्याला काळ्या यादीत टाकावं लागतं. चौथ्या आवृत्तीला स्वतःचा नवा ड्रायव्हर लागतो. जुन्या सॉफ्टवेअरवर ती बहिरी वाटते आणि लोक डोंगल खराब म्हणून परत पाठवतात. तिसऱ्या आवृत्तीची सवय असलेले आणखी एक चूक करतात: मीडियम वेव्हसाठी ‘डायरेक्ट सॅम्पलिंग’ निवडतात. चौथीत ते निवडायचं नाही, नेहमीच्या मोडमध्येच ठेवायचं.

पहिली चाचणी मीडियम वेव्हवर करू नका. सोबतचं दुर्बिणीसारखं लांबणारं एरियल जोडा आणि ९८.३ मेगाहर्ट्झ लावा. २००१ साली रेडिओ मिर्चीची सुरुवात झाली ती इंदुरातच, आणि हे स्टेशन शहरात कुठेही जोरात मिळतं. तेही मिळालं नाही तर चूक ड्रायव्हरची, एरियलची नव्हे. मिळालं की काट्यावरचा आकडा पाहा. चांगल्या डोंगलमधलं घड्याळ दहा लाखांत एक एवढंच चुकतं, म्हणजे ९८.३ वर सुमारे ९८ हर्ट्झ. प्लास्टिकच्या डबीतल्या साध्या डोंगलचा स्फटिक दहा लाखांत ५० ने चुकला तर १०९० मेगाहर्ट्झवर, म्हणजे विमानांच्या लहरीवर, ५४ किलोहर्ट्झ सरकतो, आणि तापल्यावर आणखी सरकत राहतो. अस्सल डोंगलही हाताला चांगलं गरम लागतं. ते बिघडलेलं नसतं, आतल्या पॅडमधून उष्णता आवरणाकडे यावी अशीच रचना आहे.

गेन शून्यावर ठेवून सुरुवात करा आणि एकेक पायरी चढवा. पडद्यावरची तळरेषा, म्हणजे खरखरीची पातळी, वर उचलली जायला लागली, की त्याच्या एक पायरी खाली थांबा. बहुतेक लोक गेन पूर्ण चढवतात आणि मग म्हणतात, सगळीकडे मिर्चीच ऐकू येते.

आता खरखर. डोंगलविषयी जेवढ्या तक्रारी असतात, त्यांतल्या बहुतेक या एका गोष्टीवर येऊन टेकतात, आणि दोष डोंगलचा नसतो. तांब्याच्या जाळीच्या काळात घरात साठ वॅटचे पिवळे बल्ब होते, ट्यूबलाइटचा चोक होता आणि फार तर शेजारच्यांचा मिक्सर. आज प्रत्येक दिव्यात, चार्जरमध्ये, वायफायच्या डबीत, टीव्हीत, कमी विजेच्या नव्या पंख्यात सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारा एक लहान वीजपुरवठा बसलेला आहे. तो प्रत्येक जण मीडियम वेव्हवर बोलतो.

वॉटरफॉल, म्हणजे वरून खाली सरकणारं ते निळं चित्र, इथे जुन्या रेडिओच्या कित्येक पट कामाचं. त्यावर प्रत्येक चोर वेगळा दिसतो. स्टेशन म्हणजे सरळ, बारीक, स्थिर रेष आणि दोन बाजूंना आवाजाची झालर. चार्जर म्हणजे कापसासारखा लठ्ठ पट्टा, जो ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसतो आणि तापेल तसा तिरका सरकतो. खराब एलईडी लावला की एखादा पट्टा नव्हे, पूर्ण गालिचाच उजळतो, आणि दिवा बंद करताच पडदा पाणी ओसरल्यासारखा काळानिळा होतो. एकदा हे पाहिलं की माणूस बल्ब घेताना वॅटपेक्षा याचा विचार आधी करतो.

शोधायची पद्धत साधी आहे. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर घ्या. काटा १ मेगाहर्ट्झच्या आसपास रिकाम्या जागी ठेवा. मीटरच्या बोर्डावरचे एमसीबी एकेक करून पाडा आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद पडद्याकडे पाहा. (घरच्यांना आधी सांगून, आणि मालिका संपल्यावर.) सगळे पाडल्यावरही गालिचा तसाच असेल तर तो शेजारचा किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा. कुठला सर्किट ते कळलं की त्यावरचे प्लग एकेक काढा. चोर सापडला की चार्जर बदलणं हा सर्वांत स्वस्त उपाय. बदलता येत नसेल तर त्याची वायर फेराइटच्या कड्यातून आठ-दहा वेळा गुंडाळा. एक वेढा म्हणजे काहीच नव्हे: अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून तीन वेढ्यांचा परिणाम एका वेढ्याच्या नऊपट. मीडियम आणि शॉर्ट वेव्हसाठी ३१ नंबरच्या मिश्रणाचं कडं मागा. ते नसेल तर जुन्या मॉनिटरच्या केबलवरचा काळा गठ्ठाही तात्पुरता चालतो. गच्चीवर सौरऊर्जेचे पॅनेल असतील तर त्यांच्या इन्व्हर्टरची खरखर दिवसा असते आणि सूर्यासोबत मावळते. मीडियम वेव्हवाल्यांची चिंता तिथे निसर्गच मिटवतो.

डोंगल थेट लॅपटॉपला खोचू नका. लॅपटॉप स्वतःच गोंगाट करतो, त्यात निळा यूएसबी ३चा पोर्ट जास्त. एक-दीड मीटरची चांगली यूएसबी केबल मध्ये घ्या. एसएमएच्या तोंडावर जड अडॅप्टरांची रांगही लावू नका. वजनाने आतला डाग सुटतो. वीतभर लांबीची लवचिक जोडवायर लावा. या जोडण्या आरएनटी मार्गावरच्या संगणकाच्या दुकानांत किंवा जेल रोडला शोधाव्यात, तार आणि दोरी महाराणी रोडला.

एरियल. डोंगलसोबत येणारे लांबणारे दांडे एफएम आणि वरच्या पट्ट्यासाठी, मीडियम वेव्हवर त्यांचा उपयोग नाही. घरात वायरिंगला वापरतात ती १ चौरस मिलिमीटरची तार १० ते १२ मीटर घ्या. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी बांधून बाल्कनीबाहेर, भिंतीपासून जितकी दूर जाईल तितकी ताणा. लांब तारेचा विरोध काहीशे ओहम, डोंगलचा ५०, म्हणून मध्ये नवास-एकचा छोटा ट्रान्सफॉर्मर हवा. तो घरीही होतो: बीएन-७३-२०२ या दुहेरी भोकाच्या गाभ्यावर डोंगलकडे दोन वेढे, तारेकडे सहा. तिप्पट वेढे म्हणजे नऊपट विरोध. तिथून आत येणारी केबल टीव्हीची आरजी-६ चालेल. ७५ आणि ५० ओहमचा फरक ऐकण्यापुरता नगण्य आहे.

अर्थिंगचं काय? घराच्या विजेचं अर्थिंग जोडू नका, त्यातून सगळ्या घराची खरखर एरियलमध्ये शिरते. बंगल्यात असाल तर बागेत मीटरभर सळई वेगळी ठोका. फ्लॅटमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला पाच मीटरची तार बाल्कनीच्या कठड्याने सोडा, निभतं. सोसायटीने तार लावू दिली नाही तर मीटरभर व्यासाचं वेटोळं खिडकीशी टांगावं. मिळतं कमी, पण ते फिरवून एखादा खरखरीचा उगम कापता येतो, आणि फ्लॅटमध्ये पुष्कळदा तेच तारेवर मात करतं. माळव्यात पावसाळ्याच्या तोंडावर विजा कशा पडतात ते सांगायला नको. मे महिन्यापासून वापर झाला की केबल डोंगलमधून काढून खिडकीबाहेर सोडायची, रोज.

परवाना काढून आपसांत बोलणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांचा चाळीस मीटरचा पट्टा, ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, सकाळी गजबजलेला असतो. सॉफ्टवेअरमधला मोड एलएसबी (लहरीची फक्त खालची बाजू) ठेवा, रुंदी २.४ ते २.७ किलोहर्ट्झ. आवाज बदकासारखा आला तर काटा अगदी थोडाथोडा हलवा, माणूस बोलायला लागतो. ऐकता येतं, बोलता येत नाही. बोलण्यासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना काढावा लागतो आणि हे डोंगल तर नुसता कान आहे. पोलिसांच्या वगैरे संभाषणात नाक खुपसणं बेकायदा आहे, तिकडे जाऊ नये.

साठीनंतरच्या कानांसाठी एक वेगळी नोंद. वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, आणि स्टेशन खरखरीतून वेगळं काढणं जड जातं. इथे मीडियम वेव्हची रुंदी ९ वरून ६ किलोहर्ट्झवर आणली तर बोलणं ठसठशीत होतं. शेजारच्या स्टेशनची शिट्टी नॉच फिल्टरने, म्हणजे एकच स्वर वगळणाऱ्या फिल्टरने, अचूक कापता येते. खरखर घालवणारं बटण मात्र पाव भागापलीकडे नेऊ नका, माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. ज्यांच्या श्रवणयंत्राला ब्लूटूथ आहे त्यांनी लॅपटॉपचा आवाज थेट तिकडेच पाठवावा. घरातला टीव्हीही मग अडचण राहत नाही.

नातवंडांना मीडियम वेव्हमध्ये रस नसतो, विमानांत असतो. सोबतचे छोटे दांडे प्रत्येकी ६.९ सेंटिमीटर उघडून उभे करा, विमानांचे संदेश वाचणारं डंप-१०९० हे सॉफ्टवेअर चालवा, आणि नकाशावर विमानं सरकायला लागतात. ३५ हजार फुटांवरचं विमान तत्त्वतः ४०० किलोमीटरवरूनही मिळतं. बाल्कनीतून समोरची बिल्डिंग सोडेल तेवढंच. हवामानाच्या चित्रांबाबत जुनी माहिती वाचून निराश होऊ नका: ज्या अमेरिकी नोआ उपग्रहांवर सगळे शिकले, ते १५, १८ आणि १९ क्रमांकाचे तिन्ही २०२५ मध्ये निवृत्त झाले. आता रशियाचे मेटिओर एम-२-३ आणि एम-२-४, १३७.९ किंवा १३७.१ मेगाहर्ट्झवर. मोठे दांडे ५३.४ सेंटिमीटर, दोघांत १२० अंशांचा कोन, आडवे, उत्तर-दक्षिण, आणि सॅटडंप हे सॉफ्टवेअर. उपग्रह डोक्यावरून दहा-बारा मिनिटांत जातो, आणि यासाठी गच्चीच लागते, बाल्कनी नाही.

गच्चीची परवानगी असेल तर डोंगल वरच ठेवून त्याला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक जोडता येतो. आरटीएल-टीसीपी या सॉफ्टवेअरने नमुने नेटवर्कवरून खाली दिवाणखान्यात येतात. १.४ दशलक्षला सेकंदाला २२.४ मेगाबिट लागतात, २.४ ला ३८.४. लॅनची वायर हवी, दोन भिंतींपलीकडचं वायफाय मध्येच दम तोडतं. पायचा वीजपुरवठा स्वस्तातला घेतलात तर वरही तोच गालिचा अंथरला जाईल. आणि उन्हाचं काय? इंदूरच्या मेमधल्या गच्चीवर बंद प्लास्टिकच्या डबीत हे टिकणार नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, खालून भोकं पाडलेल्या डबीत ठेवा.

हा आजीला बटण दाबून लागणारा रेडिओ नव्हे. वीज गेली, लॅपटॉप अपडेट घेत बसला, की स्टेशन नाही. त्यासाठी दोन सेलचा साधा ट्रान्झिस्टर घरात असू द्यावा.

घेताना चंदेरी धातूची डबी, त्यावर आरटीएल-एसडीआर ब्लॉग आणि व्ही-फोर ही अक्षरं नीट पाहा. नकला भरपूर आहेत. पार्सल उघडल्या दिवशीच एसएमएचे आटे बोटाने फिरवून बघा, तिरके चढत असतील तर जोर न लावता परत करा. मग अर्धा तास मिर्ची लावून ठेवा आणि सुरुवातीचा आकडा व तापल्यानंतरचा आकडा लिहून ठेवा. काही किलोहर्ट्झने सरकला असेल तर आतलं घड्याळ अस्सल नाही, आणि परतीची मुदत संपायच्या आत डबी पुन्हा खोक्यात गेलेली बरी.